रुग्णाची इच्छा नाही

डोळ्यांच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीमागे रेकॉर्डची खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना मोठ्या डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्यापर्यंत सगळे ताई म्हणत. कुणाची फाइल मिळाली नाही की 'ताईंना विचारा', आणि तरीही मिळाली नाही तर 'ताईंनीच कुठेतरी ठेवली असेल', हे ठरलेलं. ताई त्याचं काही मनावर घेत नसत. सहा वर्षांत त्यांना फायलींच्या धुळीने शिंका येणंसुद्धा बंद झालं होतं.

त्या सोमवारी मॅडमनी त्यांच्या टेबलावर चार खोके आणून ठेवले. मॅडम म्हणजे तिथल्या सगळ्यात तरुण डॉक्टर. चालायच्या भरभर, बोलायच्या त्याहून भरभर. खोक्यांत पिवळी पडलेली कार्डं होती. अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलने गावाच्या जुन्या भागात घरोघर जाऊन पन्नाशीपुढच्या माणसांचे डोळे तपासले होते. माणसागणिक एक, अशी नऊशे बारा कार्डं.

"यातलं आज कोण आहे आणि कोण नाही, एवढंच शोधायचंय," मॅडम म्हणाल्या.

"नाही म्हणजे गाव सोडून गेलेले?"

"नाही म्हणजे वारलेले."

ताई हसल्या. "डोळ्यांच्या दवाखान्याला ती चौकशी कशाला? आपल्याकडे कुणी मरत नाही, म्हणून तर मी इथे टिकले."

"आपल्याकडे नाही मरत ताई. घरी जाऊन मरतात. लवकर मरतात का, तेच बघायचंय."

काम सुरू झालं. सकाळी फोन, दुपारी घरं. फोनवर कुणी 'आम्हाला काही विकत घ्यायचं नाही' म्हणून ठेवून द्यायचं, कुणी अर्धा तास सुनेचं गाऱ्हाणं सांगायचं. एका आजोबांनी स्वतःच फोन उचलला आणि मी जिवंत आहे का हे विचारायला एवढी वर्षं लावलीत, असं सुनावलं. ताईंना हे काम आवडायला लागलं. कार्डावरचं नुसतं नाव दार उघडून समोर उभं राहायचं. किंवा राहायचं नाही, आणि मग ताई खाली मान घालून तारीख लिहून घ्यायच्या.

दोन महिन्यांत तीन खोके संपले. ताई काही शिकलेल्या डॉक्टर नव्हत्या, पण हाताखालून गेलेलं त्यांना कळत होतं. ज्यांची नजर अकरा वर्षांपूर्वी चांगली होती किंवा ज्यांनी वेळेवर उपचार घेतले होते, त्यांच्या घरी गेलं की बहुतेकदा तेच दार उघडत. ज्यांच्या कार्डावर 'दिसत नाही' असं लिहून पुढे काहीच झालं नव्हतं, त्यांच्या घरी फार वेळा भिंतीवरचा फोटोच दाखवला जायचा.

"डोळा माणसाला मारतो का हो?" त्यांनी एकदा विचारलं.

मॅडम पहिल्यांदाच सावकाश बोलल्या. "तसं छातीठोक नाही सांगता येत. पण दोन्ही गोष्टी बरोबर चालताना दिसतात. न दिसणारा माणूस बाहेर पडत नाही, चालत नाही, नीट जेवत नाही. गोळी कुठली घेतली ते कळत नाही. पडतो. कुणाशी बोलणं राहत नाही. आणि डोळ्याच्या आत पडदा असतो ना, त्यावर अंगातली दुखणी उमटतात. साखर, रक्तदाब. डोळा ओरडून सांगत असतो की आत काहीतरी बिघडलंय. ऐकणाऱ्याने ऐकलं तर."

आणखी एक गोष्ट ताईंच्या लक्षात आली होती. कार्डाच्या मागे हॉस्पिटलच्या फिरत्या बाईने पुढच्या भेटींच्या नोंदी केल्या होत्या, गोल, ठसठशीत अक्षरात. पुरुषांच्या कार्डांमागे 'ऑपरेशन झाले' असं असायचं. बायकांच्या कार्डांमागे पुन्हा पुन्हा एकच वाक्य यायचं: 'रुग्णाची इच्छा नाही.' पहिल्यांदा ताईंना वाटलं, बायका घाबरतात. विसाव्या कार्डानंतर त्यांना तसं वाटेना.

चौथ्या खोक्यात त्यांच्या माहेरच्या गल्लीची कार्डं होती. त्यात आईचं कार्ड असणार हे त्यांना ठाऊक होतं. दवाखान्यातले लोक येऊन आईला बघून गेले, हे त्या वेळी दादाने फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ताई नवऱ्याच्या नोकरीपायी तीन तासांच्या अंतरावरच्या गावी राहायच्या. दादा म्हणाला होता, "पडदाच गेलाय म्हणतात. वयाचं आहे. आता काही करून उपयोग नाही." ताई रडल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलांचे डबे भरायला लागल्या होत्या. आईला जाऊन आठ वर्षं झाली होती. तिचा एखादा जुना फोटो अवचित हाती यावा, तशा ओढीने त्यांनी ते कार्ड शोधलं.

सापडलं. आईचं नाव, वय एकाहत्तर, काम: घरी काजं-बटणं करणे. खाली लिहिलं होतं: उजवा डोळा, पिकलेला मोतीबिंदू, ऑपरेशन करावे, दृष्टी येण्याची आशा चांगली. डावा डोळा, मोतीबिंदूची सुरुवात, पडद्यावर रक्ताचे ठिपके. रक्तातील साखर तातडीने तपासावी. चिठ्ठी मुलाकडे दिली.

ताईंनी ते पुन्हा वाचलं. मग कार्ड उलटवलं.

पहिली भेट: मुलाला भेटले. विचार करून सांगतो म्हणाले.

दुसरी भेट: मुलगा दुकानात. रुग्ण स्वतः बोलल्या, करायचे आहे. विचारत होत्या, सुई ओवता येईल का.

तिसरी भेट: रुग्ण म्हणतात, मुलगी न्यायला येईल, तिला कळवा. कळवतो, असे मुलाने सांगितले.

चौथी भेट: मुलाच्या म्हणण्यानुसार बहिणीला विचारले, तीही नको म्हणते. रुग्णाची इच्छा नाही. कार्ड बंद.

आणि खाली दादाची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी तो हीच सही करून द्यायचा, तिला मार बसू नये म्हणून.

औषधांच्या खिडकीवर कुणीतरी नंबर पुकारत होतं. ताई बसून राहिल्या. त्यांना कुणीही, कधीही विचारलं नव्हतं.

आईची शेवटची अडीच वर्षं त्यांना एकेक करून आठवू लागली. काजाचं काम सुटल्यावर आई स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या पलंगावर बसून असायची. जिना उतरणं बंद झालं. शेजारणी आधी यायच्या, मग येईनाशा झाल्या. ताई फोन करायच्या तेव्हा आई म्हणायची, "बरी आहे. तू तुझं बघ." माहेरी गेल्या की आई हात हातात घ्यायची नाही, निघताना पुन्हा कधी येशील विचारायची नाही. आई म्हातारपणी तुसडी झाली, असं ताईंनी नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं होतं. त्यांना तिचा राग यायचा. मग पायाला काहीतरी लागलं. कधी लागलं, ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण आईला ते दिसलं नाही आणि दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. वास यायला लागला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, साखर किती वर्षांपासून आहे? घरातल्या कुणालाच साखर आहे हे माहीत नव्हतं. नवव्या दिवशी आई गेली. सगळे म्हणाले, पायाचं निमित्त झालं.

दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच होतं. ताई गेल्या तेव्हा तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसला होता. साठी ओलांडली होती, पण डोळ्यांवर चष्मा नव्हता. दीड वर्षापूर्वी त्याने एका महिन्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली होती, दुसऱ्या शहरातल्या नावाजलेल्या दवाखान्यात. तेव्हा ताईंनी रजा काढून दुकानाला कुलूप लागू दिलं नव्हतं.

"आज इकडे कशी?" तो म्हणाला. "बस. चहा सांगतो."

ताईंनी कार्डाची प्रत काढून त्याच्यासमोर, घड्याळांच्या चाकांवरच ठेवली. त्याने वाचली. बराच वेळ वाचली.

"हे जुनं कुठून उकरलंस?"

"मला विचारलं होतंस, दादा?"

त्याने प्रत बाजूला सरकवली.

"मी नको म्हणाले, असं लिहून दिलंयस तू. मला कधी विचारलंस?"

"तुला विचारून काय होणार होतं? तू तिकडे. तुझी पोरं शाळेत. तू काय महिनाभर येऊन राहणार होतीस?"

"आले असते."

"आता म्हणायला काय जातं," दादा म्हणाला. त्याने चिमटा खाली ठेवला. "हे बघ, माणूस दवाखान्यात न्यायचा म्हणजे मागे सोपस्कार किती. रोज थेंब घाला, धूर लागू देऊ नका, वाकू देऊ नका. दुकान मी एकटा बघत होतो. आणि आईला बघायचं काय होतं त्या वयात? दोन खोल्या. त्या तिला पाठ होत्या."

"सुई ओवता येईल का, असं विचारत होती ती."

"हातातलं काम सुटलं तर जरा बसेल, आराम करेल, असं वाटलं मला. वाईट चिंतलं नव्हतं मी तिचं."

"आणि साखरेची चिठ्ठी?"

"असेल कुठेतरी. डोळ्यांच्या लोकांनी साखरेचं लिहिलेलं कोण मनावर घेतं?" आता त्याचा आवाज चढला. "तू काय मी मारलं म्हणतेस तिला? पायाने गेली ती. डोळ्यांनी कुणी मरत नाही."

ताई उभ्याच होत्या. गेल्या दोन महिन्यांत पाहिलेली घरं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. "मरतात, दादा," त्या म्हणाल्या. "हळूहळू मरतात. आधी बाहेर जायचं मरतं, मग जेवणावरची वासना, मग कुणी बोलायला यायचं. शेवटी अंग मरतं, तेव्हा आपण कारण लिहितो पडली, पाय, छाती. तुझ्या खिशात चिठ्ठी होती. तिच्या डोळ्यात दिसलेलं तुला लिहून दिलं होतं."

तेवढ्यात मागच्या दाराने वहिनी चहा घेऊन आल्या. उंबऱ्याशी त्यांनी पाय पुढे करून पायरी चाचपली, मग दुसरा पाय टाकला. पेला टेबलावर ठेवताना तो कडेवर टेकला आणि दादाने सवयीने, न बघता, आत सरकवला. ताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"वहिनी, किती दिवस झाले असं?"

वहिनींनी उत्तरासाठी नवऱ्याच्या दिशेने तोंड वळवलं.

"तिचं वयाचं आहे," दादा म्हणाला. "आणि तिला ऑपरेशनची भीती वाटते. तिची इच्छा नाही."

बोलून झाल्यावर त्याला कळलं असावं. त्याने पुन्हा घड्याळ हातात घेतलं. ताईंनी चहा घेतला नाही. त्या वहिनींकडे बघत राहिल्या, पण वहिनी मूग गिळून उभ्या होत्या, जशा आईच्या आजारपणातही उभ्या असायच्या.

"सकाळी नऊपासून मी रेकॉर्डच्या खोलीत असते," ताई एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईचं कार्ड मॅडमसमोर ठेवलं. मॅडमनी दोन्ही बाजू वाचल्या. नंतर खुर्ची ओढून त्या ताईंच्या शेजारी बसल्या.

"हे खोडता येईल का?" ताईंनी विचारलं. "शेवटचं वाक्य."

"जुनी नोंद खोडता नाही येत. खाली नवी करता येते."

ताईंनी पेन घेतलं. मग लिहिलं: रुग्णाची इच्छा होती. मुलीला विचारलेले नाही. माहिती देणार: मुलगी. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, साखर, पायाची जखम. तो रकाना फार लहान होता.

"मीही फोनवर ऐकलं ते खरं मानलं," त्या म्हणाल्या. "कुठले डॉक्टर, काय नाव, एक प्रश्न विचारला नाही. उपाय नाही म्हटलं की आपल्यालाही जायला नको. दादा खोटं बोलला. पण ते खोटं मला सोयीचं होतं."

मॅडमनी कार्ड उचलून खोक्यात त्याच्या जागी ठेवलं.

गुरुवारी साडेनऊला औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने हाक मारली. "ताई, तुमच्याकडच्या कुणी आल्यात. भिंत धरून उभ्या आहेत." वहिनी होत्या. एकट्या आल्या होत्या. दोन रस्ते, एक बाजार आणि तो मोठा चौक, लोकांना विचारत विचारत. कोपर खरचटलं होतं. कुणीतरी हाताला धरून चौक ओलांडून दिला, म्हणाल्या.

"दादाला सांगून आलात?"

"सांगितलं. ते म्हणाले, जेवणाचं काय. मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय ना सगळं, घ्या वाढून."

ताईंना हसू आलं आणि त्याचाच राग आला. या बाईवर हसायची त्यांची तयारी नव्हती.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मॅडमनी आधी रक्त तपासायला पाठवलं. साखर होती, बरीच होती. ती आटोक्यात यायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस वहिनी ताईंच्याच घरी राहिल्या. ताई त्यांना वेळेवर गोळ्या द्यायच्या, रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय निरखून बघायच्या, आणि कामापुरतं बोलायच्या. दादा एकदाही आला नाही. फोन मात्र केला, गिझर कसा लावतात ते विचारायला.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर वहिनींनी खोलीभर पाहिलं, खिडकी, पडदा, शेजारच्या खाटेवरची बाई. मग ताईंकडे.

"केस किती पांढरे झालेत तुमचे," त्या म्हणाल्या.

"आठ वर्षं झाली त्याला."

ताई थेंबांची बाटली घेऊन खाटेच्या कडेला बसल्या. इतके दिवस जिभेवर असलेलं त्यांनी विचारलं. "वहिनी, आईला काय सांगितलं होतं? माझ्याबद्दल."

वहिनी नव्याने दिसणाऱ्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "तेच. की तुम्ही नको म्हणालात. आता तिचं वय झालं, कशाला खटाटोप, असं तुम्ही म्हणालात."

"तुम्ही होतात तिथे?"

"भाजी चिरत होते. शेजारीच."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, तिचा संसार आहे. मग भिंतीकडे तोंड करून निजल्या. तुमचं विचारायच्या मात्र. फोन आला का, विचारायच्या. आला की नीट बोलायच्या नाहीत."

ताईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. आई तुसडी झाली नव्हती. लेकीने आपल्याला टाकलं, हे मनात धरून ती अडीच वर्षं अंधारात बसली होती, आणि तरीही फोन आला का विचारत होती. हे आता कुणाला जाऊन सांगायचं?

"तुम्हाला खरं माहीत होतं."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"बसले," वहिनी म्हणाल्या. "माझीही पाळी येईल, हे तेव्हा कळलं नाही."

त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तरी ताईंनी ती घेतली नसती. घड्याळात थेंबांची वेळ झाली होती. ताईंनी त्यांची मान मागे टेकवली, खालची पापणी अलगद ओढली आणि एक थेंब सोडला. "मिटून ठेवा पाच मिनिटं," त्या म्हणाल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मॅडमचं काम पुरं झालं. आकड्यांचं पुढचं त्या बघणार होत्या. ताईंनी मात्र खोक्यांतून काही कार्डं बाजूला काढून ठेवली होती. एकोणतीस बायका. सगळ्यांच्या मागे तेच वाक्य, आणि सगळ्या अजून जिवंत.

"यांच्याकडे मला परत जायचंय," त्या म्हणाल्या.

"ते आपल्या अभ्यासात नाही बसत, ताई. आपण फक्त कोण राहिलं ते मोजलं."

"म्हणून तर. राहिलेल्यांना आता विचारते. शनिवारी जाईन, माझ्या सुट्टीत."

मॅडमनी कार्डांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या ऑपरेशनच्या तक्त्याकडे. "मंगळवार मोकळा ठेवते," त्या म्हणाल्या.

पहिलं घर एका छापखान्याच्या वर होतं. जिन्यात शाईचा वास. दार मुलाने उघडलं, पन्नाशीचा, सभ्य माणूस. ताईंना आत घेतलं, पाणी दिलं. आत पलंगावर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. आवाज आला तिकडे तिने मान वळवली, पण नजर भलतीकडेच राहिली.

"आईचं म्हणाल तर," मुलगा म्हणाला, "तेव्हाही आम्ही विचारलं होतं. तिचीच इच्छा नाही."

"तुम्हाला विचारायला नाही आले मी," ताई म्हणाल्या. त्या पलंगाजवळ गेल्या आणि खाली जमिनीवर बसल्या, म्हातारीच्या गुडघ्याशी. तिचा हात हातात घेतला. "मावशी, डोळ्यांच्या दवाखान्यातून आलेय. ऑपरेशन केलं तर थोडं दिसेल असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. आता पुन्हा तपासावं लागेल. तपासल्याशिवाय खात्री देत नाही. तुम्हाला यायचंय का?"

मुलाने काही म्हणायला तोंड उघडलं, आणि ताईंनी न वळता हात वर केला. खालच्या यंत्राची धडधड तेवढी ऐकू येत होती. ताई थांबल्या. घाई नव्हती त्यांना.

बऱ्याच वेळाने म्हातारीने पाय पलंगाखाली सोडले आणि अंगठ्याने फरशी चाचपायला लागली, इकडे, तिकडे, पलंगाच्या पायापाशी.

"काय शोधताय, मावशी?"

"चपला," ती म्हणाली. "कुठे ठेवल्यात कोण जाणे. चार वर्षं लागल्याच नाहीत."